चित्रकलेच्या बदली शिक्षकाला जोडतास द्या, नोंद द्या

महोदय,

चित्रकलेचे शिक्षक बाळंतपणाच्या, आजारपणाच्या किंवा प्रशिक्षणाच्या रजेवर गेले की शाळा तेवढ्या काळापुरते तासिका तत्त्वावर कुणाला तरी बोलावते. येणारी व्यक्ती बहुधा नुकतीच ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झालेली असते. तिच्या हाती वेळापत्रक पडते, हजेरीपट पडतो आणि ‘मुलांना गुंतवून ठेवा’ एवढेच सांगितले जाते. नववी-दहावीचा तास तर अनेक ठिकाणी परस्पर गणिताकडे जातो. नागपुरातल्या मुख्याध्यापकांना आमची कळकळीची विनंती आहे की या शिक्षकाला दोनच गोष्टी द्या. आठवड्यातले दोन सुटे तास जोडून एक जोडतास, आणि रजेवर जाणाऱ्या शिक्षकाच्या हातची दोन पानांची नोंद.

जोडतासाचा हिशेब सरळ आहे. तास ३५ मिनिटांचा. हजेरी आणि कागदवाटपात ७ मिनिटे जातात, फळ्यावर दाखवण्यात ५, शेवटी ब्रश धुणे आणि बाक पुसणे यात ८. उरतात १५. पावसाळ्यात जलरंगाचा पहिला हात तेवढ्यात वाळतही नाही. मुले ओल्यावरच दुसरा रंग चढवतात, तो पसरतो आणि चित्र चिखल होते. मग आपल्याला रंग जमत नाहीत असे त्या मुलांच्या मनात बसते. खरे तर त्यांना फक्त वेळ मिळालेला नसतो. जोडतासात तीच २० मिनिटे वजा केली तरी ५० हाती राहतात.

नव्या शिक्षकाने पहिले दोन आठवडे रंग काढूच नयेत. वर्ग ओळखीचा होईपर्यंत पेन्सिल आणि वस्तुचित्र पुरेसे आहे. मात्र साठ मुलांसमोर टेबलावर एकच मांडणी ठेवली, तर मागच्या बाकावरच्या मुलाला गडव्याचा नुसता काठ दिसतो आणि तो पुढच्याच्या कागदावरून उतरवतो. बारा मुलांमागे एक अशा पाच मांडण्या कराव्यात. प्रत्येकीत एक गडवा किंवा पेला, एक खोका, एक संत्रे आणि मागे बिनछापाचे फडके, एवढे बस. मांडणी बाकापेक्षा ठेंगण्या स्टुलावर, मुलांपासून पाच-सहा फुटांवर असावी. ट्यूबलाइट बंद करून एकाच बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दोन्हीकडून उजेड आला की सावल्या दुहेरी पडतात आणि छायाप्रकाश शिकवायचा राहून जातो.

या पाठात जवळजवळ प्रत्येक वर्गाची चूक एकच असते. मुले पेल्याचे तोंड लंबगोल काढतात आणि तळ मात्र पट्टीने आखल्यासारखा सपाट. कारण पेला सपाट जागेवर ठेवलाय हे त्यांना माहीत असते, आणि डोळ्याला काय दिसते त्यापेक्षा माहीत असलेलेच हात आधी काढतो. हे तोंडी समजावून उपयोग नाही. स्टीलचा पेला डोळ्यांच्या रेषेत धरायला लावावा, तोंडाची नुसती एक रेषा दिसते. तो हळूहळू खाली न्यायला सांगावे, गोल उघडत जातो. तळ तर डोळ्यापासून आणखी खाली असतो, म्हणून तळाचा गोल तोंडाच्या गोलापेक्षा जास्त फुगीर असला पाहिजे. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मुले ते विसरत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे लंबगोलाची दोन्ही टोके आंब्याच्या पानासारखी टोकदार होणे. मनगट कागदावर टेकवून वरचा कंस वेगळा आणि खालचा वेगळा काढला की टोके येणारच. आधी मधोमध उभी अक्षरेषा आखावी. मग हात कोपरापासून मोकळा ठेवून एचबी पेन्सिलने हलक्या हाताने तीन-चार फेरे घ्यावेत आणि त्यांतला बरा फेरा गडद करावा. शेवटी कागद पालथा करून खिडकीच्या काचेला लावावा. गडव्याची कोणती बाजू फुगली आहे ते मुलाला स्वतःलाच दिसते. शिक्षकाने दुरुस्ती शेजारच्या कोऱ्या कागदावर करून दाखवावी. मुलाच्या चित्रावर पेन्सिल चालवली की ते चित्र त्याचे राहत नाही. बदली शिक्षक चांगले काम दाखवण्याच्या घाईत हे हमखास करतात. ते कटाक्षाने टाळावे.

रंगाच्या दिवशी वर्ग बिघडतो तो पाण्यामुळे. साठ मुले नळावर गेली की अर्धा तास गेलाच समजा. घंटा होण्याआधी पाच लिटरचा कॅन भरून वर्गात ठेवावा. दोघांत एक कापलेली प्लास्टिकची बाटली, प्रत्येकीत दीडशे मिली, म्हणजे तीस बाटल्यांना साडेचार लिटर. पोस्टर कलर ताकाइतका पातळ झाला तर कागद खालून दिसतो, घट्ट लावला तर वाळून तडकतो. दाटपणा पातळ पिठल्याइतका हवा. वरचा थर एका दमात लावून ब्रश उचलावा. घासत राहिले तर खालचा वाळलेला थर पाण्याने पुन्हा सुटतो आणि दोन्ही मिसळतात. सावलीसाठी थेट काळा वापरू देऊ नये. संत्र्याच्या सावलीत जरासा निळा मिसळला तर रंग जिवंत राहतो.

स्मरणचित्राला, म्हणजे पाहिलेले आठवून काढायच्या चित्राला, आपल्या शहराइतकी श्रीमंत सामग्री क्वचितच कुठे असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा आणि मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, त्यानंतर जेमतेम तीन दिवसांनी गणेश चतुर्थी. त्याआधीचे काही आठवडे चितारओळीत मूर्तींवर रंग चढत असतात. या दिवसांत वर्गाला सहलीला न्यायची गरज नाही. दहा मिनिटे नुसते पाहा आणि घरी येऊन पाच ओळी लिहा, एवढे सांगावे. गाडी ओढणाऱ्याचा कोणता पाय पुढे होता? लाकडी बैलाची दोरी मुलाने कुठे धरली होती? असे विचारले की छापील नमुन्यातून उतरवलेले चित्र आपोआप बंद होते.

वर्गात मग एकच नियम शिकवावा. आपण रस्त्यावर उभे राहून पाहतो तेव्हा सपाट रस्त्यावरच्या मोठ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, साधारण एकाच रेषेत येतात. लांबच्यांचे पाय मात्र कागदावर वर सरकतात. मुले नेमके उलटे करतात. सगळ्यांचे पाय एका रेषेत ठेवतात आणि लांबची माणसे बुटकी करतात, त्यामुळे गर्दी वाटण्याऐवजी फोटोसाठी उभी केलेली रांग वाटते. सगळ्यात मोठी आकृती आधी काढावी, कागदाच्या निम्म्याहून उंच. ती अंगठ्याएवढी झाली तर पुढे काही सुधारत नाही.

कर्तव्यभूमितीत, म्हणजे कंपास-पट्टीने आकृत्या काढण्याच्या पेपरात, पेन्सिलचे टोक आणि कंपासचा ढिला स्क्रू एवढे तपासले तरी निम्म्या चुका जातात.

हे सगळे दहावीच्या निकालाशीही जोडलेले आहे. राज्याच्या कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षेतल्या अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ असे वाढीव गुण दहावीत मिळतात. परीक्षेच्या तोंडावर शिक्षक बदलले आणि कोणी अर्ज भरलाय, कोणाचे एलिमेंटरीचे (तिच्या आधीच्या परीक्षेचे) प्रमाणपत्र शाळेत जमा आहे हे नव्यांना ठाऊक नसले, तर मुलाचे हक्काचे गुण जातात. दोन पानांची नोंद हवी ती यासाठी. तीत वर्गवार परीक्षार्थींची यादी, प्रत्येक पेपरचे काय शिकवून झाले, पाचवी ते आठवीच्या आकारिक (वर्षभर वर्गातच होणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी कुठवर आल्या, एवढे असावे. एखाद्या मुलाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नसेल तर तेही लिहावे, म्हणजे त्याच्या रंगाच्या बाटल्यांवर नावे लिहिता येतात. नाहीतर नवा शिक्षक त्याला निष्काळजी समजून रागावतो.

परतीच्या वेळी बदली शिक्षकानेही अशीच नोंद लिहून द्यावी. चित्रांच्या मागे पेन्सिलने नाव, इयत्ता, तारीख असावी आणि गठ्ठे वर्गवार बांधलेले असावेत. कपाटाची किल्ली शिपायाकडे न देता थेट परतलेल्या शिक्षकाच्या हाती सोपवावी. रजा उन्हाळ्याच्या तोंडावर संपत असेल तर उघड्या पोस्टर कलरच्या प्रत्येक बाटलीत चमचाभर पाणी घालून झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा बसवावा. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीत ते रंग दगड होतात, आणि शाळा उघडल्यावर पहिल्याच तासाला मुलांच्या हाती काही उरत नाही.

आपले,
काही कलाशिक्षक, नागपूर