डिझेलच्या हिशेबाबद्दल

विश्रांतवाडी, पुणे

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सैन्यदलांच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब कसा मांडतात आणि तो मांडून तुझ्यासारख्या पुरवठा सांभाळणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती काय येते, असे तू विचारले आहेस. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ऊर्जा लेखापरीक्षण करण्यातच माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे उत्तर सविस्तर लिहिते.

कारखान्याला जी पद्धत लागू होते तीच लष्करालाही होते. स्वतःच्या ताब्यातील वाहने, जनरेटर, विमाने आणि जहाजे यांत जाळलेले इंधन हा हिशेबाचा पहिला भाग, विकत घेतलेली वीज हा दुसरा, आणि शस्त्रास्त्रांपासून शिध्यापर्यंत जे जे इतरांकडून बनून किंवा वाहून येते त्यामागचे उत्सर्जन हा तिसरा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डिझेलचे वजन लिटरमागे किलोभरही नसते, पण त्यातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो आणि वायूच्या वजनात मोठा वाटा त्याचाच असतो. पहिल्या दोन भागांचे गणित म्हणजे केवळ गुणाकार आहे. तिसरा भाग किचकट असतो आणि म्हणूनच तो बहुधा वगळला जातो.

जगभरात हा हिशेब अपुरा राहिला, त्याला मात्र गणित कारण नाही. १९९७च्या क्योटो हवामान करारात अमेरिकेच्या आग्रहामुळे बहुराष्ट्रीय लष्करी मोहिमांचे, तसेच आंतरराष्ट्रीय प्रवासातील विमाने व जहाजांचे इंधन देशांच्या उत्सर्जन-कपातीच्या उद्दिष्टांबाहेर ठेवले गेले. २०१५च्या पॅरिस करारानंतर ही सरसकट सूट राहिली नाही, पण लष्करी आकडे वेगळे देणे प्रत्येक देशाच्या इच्छेवर सोडले गेले. त्यामुळे जगाच्या एकूण उत्सर्जनात सैन्यदलांचा वाटा सुमारे ५.५ टक्के असावा, हा २०२२ साली ब्रिटनमधील अभ्यासकांनी काढलेला आकडा अंदाजच आहे, आणि तोही थोड्याच देशांनी दिलेल्या माहितीवरून बांधलेला. नाटोने २०३० पर्यंत ४५ टक्के कपातीचे उद्दिष्ट जाहीर केले, तेही त्या संघटनेची स्वतःची कार्यालये, तळ आणि यंत्रणा यांपुरतेच आहे. सदस्य देशांच्या फौजा त्यात येत नाहीत. उद्दिष्ट वाचताना ते कोणाला लागू आहे हे आधी पाहावे, असे मी तुला आग्रहाने सांगेन.

गुप्ततेचा आक्षेप मला खरा वाटतो. कोणत्या ठाण्यावर किती इंधन जाते यावरून तिथे किती माणसे आणि किती वाहने आहेत हे शत्रूला ताडता येते. परंतु संपूर्ण दलाचा वर्षाचा एकत्रित आकडा वर्षभर उशिराने दिला, तर त्यातून एकाही ठाण्याचा माग लागत नाही. शिवाय जगाला काय सांगायचे हा प्रश्न वेगळा आणि स्वतःला काय माहीत असायला हवे हा वेगळा. पहिल्याच्या आडून दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते, याची मला खरी काळजी वाटते.

आता तुझ्या कामाकडे येते. लडाखमध्ये जनरेटरपाशी जळणारे डिझेल नोंदवहीत जेवढे दिसते, तेवढ्यावर त्याचा हिशेब संपत नाही. ते मैदानातून टँकरने चढवले जाते, घाट बंद होण्यापूर्वी साठवले जाते, पुढे लहान गाड्यांनी, पिंपांनी आणि शेवटी काही ठिकाणी खेचरांवर किंवा हेलिकॉप्टरने पोहोचते, आणि या प्रत्येक टप्प्यावर इंधन पोहोचवण्यासाठीच इंधन खर्च होते. त्यामुळे चौकीवर वाचलेले एक लिटर हे डेपोत वाचलेल्या लिटरपेक्षा कितीतरी मोलाचे असते. अमेरिकी लष्करासाठी झालेल्या एका अभ्यासात, २००७च्या सुमारास अफगाणिस्तानात इंधन नेणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस ठार किंवा जखमी होत असल्याचे आढळले. आपल्याकडे शत्रूच्या गोळीपेक्षा घाट, बर्फ आणि दरड यांचे भय अधिक, एवढाच फरक. तू स्वतः अशा ताफ्यांबरोबर जातेस, म्हणून हा आकडा मी कधीच कोरडेपणाने वाचू शकले नाही.

सर्वांत मोठी गळती मला जनरेटरच्या भारात दिसते. कमाल गरज धरून मोठा जनरेटर बसवतात आणि रात्रभर त्यावर चार दिवे, वायरलेस संच आणि एखादा हीटर चालतो. चांगल्या भारावर जो जनरेटर लिटरला साडेतीन युनिट देतो, तोच अशा अल्प भारावर दोनच्या आसपास घसरतो. म्हणजे एका युनिटमागे १.३ किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड, जेव्हा देशाच्या ग्रिडच्या विजेमागे तो सुमारे ०.७ किलो असतो. शिवाय इंजिन पुरेसे तापत नाही, अर्धवट जळलेले डिझेल धुराड्यात काळ्या चिकट थराच्या रूपाने साचते आणि दुरुस्ती वाढते. उंचीवरच्या विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी होते, म्हणून आणखी मोठा संच मागवला जातो आणि रात्री तो आणखीच रिकामा धावतो. लहान-मोठे असे दोन संच आणि जोडीला बॅटरी, एवढ्या साध्या बदलाने मी कारखान्यांत डिझेल वाचताना पाहिले आहे.

उष्णतेचा प्रश्न तर विजेहून मोठा आहे. बुखारीत, म्हणजे धुराड्याच्या शेगडीत, रॉकेल जाळून तंबू गरम करायचा आणि ती ऊब कापडातून बाहेर जाऊ द्यायची, यात उत्सर्जनाइतकेच जवानांच्या फुप्फुसांचेही नुकसान आहे. लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी २०२१ साली दाखवलेल्या सौर तंबूत, बाहेर उणे १४ अंश असताना आत रात्री १५ अंश तापमान होते, आणि ते दिवसा साठवलेल्या उन्हावर. लडाखमधल्याच चुशूल येथे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा सौर-हायड्रोजन प्रकल्पही डिझेल जनरेटर हटवण्यासाठीच हाती घेतला आहे. विमानांचे काम याहून अवघड आहे. २०१९च्या प्रजासत्ताक दिनी वायुदलाचे एएन-३२ हे मालवाहू विमान दहा टक्के जैवइंधन मिसळून उडाले खरे, पण लोहगावहून आपल्या गच्चीवरून जाणाऱ्या सुखोई लढाऊ विमानाची भूक एवढ्याने भागणारी नाही.

झाडांबद्दल एक सांगते. प्रादेशिक सेनेच्या इको बटालियनने १९८२ पासून मसुरीच्या उजाड चुनखाणींवर उभे केलेले रान मला फार आदरणीय वाटते. तरीही रोपांच्या संख्येने जाळलेल्या इंधनाचा हिशेब भरून काढू नये. दोन्ही कामे दोन वेगळ्या वह्यांत असावीत.

मला कोणतेही आकडे पाठवू नकोस. ते माझ्यासाठी नाहीत. मात्र तुझ्या वरिष्ठांच्या परवानगीने प्रत्येक जनरेटरसाठी दर तासाचा भार, चाललेले तास आणि भरलेले डिझेल अशा तीन रकान्यांचा तक्ता सुरू कर, आणि वाहतुकीत खर्ची पडलेले इंधन त्याच पानावर खाली वेगळे लिहीत जा. हिवाळी साठवणीची वाहतूक सुरू होण्याआधी तो लागला, तर पुढच्या वर्षीचे मागणीपत्र करताना लहान संचांची मागणी तुला त्याच तक्त्याच्या आधारे करता येईल.

तुझी,
आई