बोटावरच्या आकड्यावर विसंबू नकोस

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी म्हणाले, रात्री बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं ते मास्कचं मशीन, लावत जा, तर "आई, सॅच्युरेशन ९६ आहे, कशाला काळजी करतेस" म्हणालास आणि लगेच विषय बदललास. बोलण्यात मी तुला कधीच पुरी पडलेली नाही, म्हणून लिहिते आहे. पत्राला मधेच "आवाज तुटतोय" म्हणता येत नाही.

९६ खरंच असेल. पण तो आकडा ऑक्सिजनचा, आणि तुला बायपॅप ऑक्सिजनसाठी दिलेलंच नाही. ते खोलीतलीच हवा दाबाने आत ढकलतं आणि श्वास सोडताना दाब कमी करतं, बस. तुझी फुफ्फुसं चांगली आहेत रे, थकलेत ते त्यांना हलवणारे स्नायू. छाती पुरेशी हलली नाही तरी ऑक्सिजन बराच काळ पुरतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायचा राहतो आणि रक्तात साठत जातो. बोटाला लावलेल्या चिमट्याला त्यातलं काही कळत नाही. रक्तात तो साधारण ३५ ते ४५ मिमी (पाऱ्याच्या दाबाच्या मापात) हवा. तुझ्या पहाटेच्या तपासणीत तो पन्नासच्या पुढे होता, आणि त्याच्या आदल्या दुपारी बोटावर सगळं छान दिसत होतं.

रात्रीचाच आग्रह का, तेही ऐक. स्वप्नं पडतात त्या झोपेत अंगातले बहुतेक स्नायू सैल सुटतात. बरगड्यांमधलेही. तेवढा वेळ श्वासाचा सगळा भार छाती आणि पोट यांच्यामधल्या एकट्या श्वासपटलावर येतो, आणि ड्युशेनमध्ये, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या तुझ्या आजारात, तेच दुबळं होत जातं. म्हणून पहिला बिघाड झोपेत होतो, दिवसा माणूस ठणठणीत दिसतो. सकाळी डोकं ठणकतं, दुपारी कॉम्प्युटरसमोर पेंग येते, रात्री दचकून जाग येते, हे सगळं तू "कामाचा ताण" म्हणून सांगितलंस. मला ते पटलेलं नाही.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली होती. श्वास बंद पडत आलेली मुलं दवाखान्यात येत, आणि त्यांतली बहुतेक दगावत. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाच्या लक्षात आलं की ही मुलं कार्बन डायऑक्साइड साठून जाताहेत, त्यांची छाती कुणीतरी हलवायला हवी. त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. यंत्रं जवळजवळ नव्हतीच. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले, आणि मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. आजचे अतिदक्षता विभाग त्यातूनच उभे राहिले. तुझ्या उशाशी जे घरघरतं, ते त्या पोरांच्या हातांचं काम करतं. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला त्या मशीनबद्दल माया वाटली.

मावशी म्हणते, एकदा लावलं की सुटत नाही. सुटणार नाही हे खरंच आहे. पण ते आजारामुळे, मशीनमुळे नाही. रात्रभर विश्रांती मिळाली की ते स्नायू दुसऱ्या दिवशी निदान कामाला तरी उभे राहतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९६० च्या दशकात ड्युशेनची मुलं सरासरी चौदाव्या वर्षी जात होती. १९९० नंतर रात्री मशीन लावणाऱ्यांचं तेच वय पंचविशीच्या पुढे गेलं होतं. तेही आकडे आता जुने झाले. आईने असलं लिहू नये म्हणतात, पण तू हे सगळं माझ्या आधी वाचलेलं असणार हे मला ठाऊक आहे.

आवाजाचं आणि रूममेटचं कारण तू पुढे करतोस. तुझी भीती वेगळी आहे असं मला वाटतं. मास्क सरकला, गुदमरायला झालं, तर तो काढायला तुझा हात वर जात नाही. ही भीती खरी आहे, तिला हसणारी मी नाही. म्हणूनच नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कऐवजी नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मागून घे, तोंड मोकळं राहतं आणि हाक मारता येते. बोटाच्या नुसत्या स्पर्शाने वाजणारी बेल हाताखाली ठेव. आणि पट्टे करकचून आवळू नका. गळती थांबेल म्हणून ओढत गेलं की नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो, दोन रात्रींत त्याची जखम होते, आणि मग मास्क कायमचा खुंटीवर. पट्टा आणि गाल यांच्यामध्ये एक बोट सहज सरकलं पाहिजे. मास्कवरची बारीक छिद्रं चिकटपट्टीने बुजवू नका, सोडलेली हवा तिथूनच बाहेर जाते.

सर्दी-खोकला झाला की मात्र सवलत नाही. तेव्हा दिवसाही लावायचं आणि खोकल्याच्या मशीनने कफ काढत राहायचं. कफ घशाशी भरलेला असताना किंवा ओकारी येत असताना मास्क आधी काढून घ्यायचा, हे रूममेटला आजच सांगून ठेव. दवाखान्यात जायची वेळ आली तर स्वतःचं मशीन आणि मास्क सोबत न्यायचं. घाईत तिथले लोक नुसता ऑक्सिजन लावतात, आकडा सुधारतो आणि कार्बन डायऑक्साइड आतल्या आत चढत राहतो. तेव्हा तुला बोलता येईलच असं नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहून मशीनच्या बॅगेवर चिकटव: "ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. रोज रात्री बायपॅप. ऑक्सिजन लागलाच तर बायपॅपला जोडूनच द्या. रक्तातील वायूंची तपासणी करा." खाली तुझ्या डॉक्टरांचा नंबर आणि माझा. बॅटरीचा बॅकअप किती तास चालतो तेही एकदा प्लग काढून बघून घे, आणि मला कळव.

तुझी,
आई