प्रूफ मिळालं

मिरज, 19 नोव्हेंबर 2013

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट काल मिळालं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा ओट्यावरच ठेवून तू सकाळच्या कोयनेनं गेलीस, त्यानंतर इतक्यात काही येईल असं वाटलं नव्हतं. आत चिठ्ठी नव्हती, नुसतं सीडीच्या पुस्तिकेचं आणि इनलेचं, म्हणजे डबीच्या मागच्या कागदाचं, प्रूफ. पण तपासायला ते माझ्याकडेच पाठवलंस, यातच मला सगळं मिळालं. म्हणून फक्त प्रुफाबद्दल लिहायचं ठरवलंय. त्या विषयावर एक अक्षरही नाही.

आधी बारकोड. तुमच्या चित्रकारानं तो पांढऱ्यावर कुंकवाच्या लाल रंगात घेतलाय. दिसतो देखणा. मी ते पान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं आणि त्यांच्या यंत्राखाली धरलं. यंत्र गप्प. त्याचा उजेडच लाल, त्याला लाल रेघ पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. मग पानाची काळी झेरॉक्स काढून नेली, तर लगेच वाजलं आणि 890 पासूनचे तेराही आकडे पडद्यावर आले. तेव्हा रेघा काळ्याच घ्या. दोन्ही बाजूंना कोरी जागाही हवी. आत्ता डावीकडून वेलबुट्टी आत शिरलीय.

इनलेच्या दोन्ही कडांना दुमडायच्या साडेसहा मिलिमीटरच्या पट्ट्या असतात, त्या कोऱ्या राहिल्यात. दुकानात डब्या उभ्या लावतात, गिऱ्हाइकाला तेवढीच पट्टी दिसते. तिच्यावर तुझं नाव नसेल तर हात पुढे जाणार कसा? किमतीपुढे 'सर्व करांसहित' नाही, महिना-वर्षही नाही. गाण्यांच्या वेळांची बेरीज मी दोनदा केली, 58 मिनिटं 20 सेकंद येते, तुम्ही 59.20 धरलंय. चौथ्या पानावर चोखामेळा दोन तऱ्हांनी आलाय.

आता सगळ्यात खालची ओळ. कॉपीराइट कायद्याच्या 52अ कलमाप्रमाणे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क ज्याचा त्याचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापावं लागतं. वर्तुळातल्या 'पी'पुढे, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या हक्काच्या खुणेपुढे, तुझं नाव आहे, ते बरोबर. ध्वनिमुद्रण तू केलंस, पैसा तुझा, आक्कांच्या पाटल्या तुझ्या. पण त्याच ओळीत पुढे 'सर्व हक्क' तुझ्याकडे असल्याचं म्हटलंय. सीडीच्या कारखान्याच्या प्रतिज्ञापत्रावरही तू तशीच सही करून दिलीस, असं तुझी आई म्हणाली. शब्द जनाबाईंचे, सोयराबाईंचे, चोखोबांचे, ते सगळ्यांचे. चाली गुरुजींच्या आहेत मुक्ता. आठच्या आठ.

लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

"पंधरा वर्षं ज्यांच्या पायाशी बसले, त्यांच्यापुढे सहीचा कागद धरू?" असं तू त्या रात्री विचारलंस. माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी आवाज चढवला. ते माझं चुकलं. पण चालीचा हक्क कर्त्याचा, त्याच्या हयातीत आणि पश्चात 60 वर्षं त्याच्या वारसांचा. परवानगी लेखीच लागते. तीत मुदत घातली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. आणि तू तर न्यू जर्सीच्या मंडळासाठी 100 प्रती बाजूला काढणार आहेस! बघ, पुन्हा शिकवायला लागलो. रागावू नकोस.

माळ्यावरचे ते गठ्ठे आठवतात? त्यांच्यावर बसून तू स्वरांचे पलटे घोटायचीस. खाली छपाईचं ट्रेडल मशीन चालायचं, त्याच्या ठेक्यात तू गायचीस, आणि मी मशीन थांबवलं की रडायचीस. ते गठ्ठे तिथं का पडलेत हे तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. 1987 साली बुवांची आख्यानं मी स्वतःच्या पैशानं छापली, 1000 प्रती. "छाप रे, तुझंच आहे," म्हणाले होते. दीडशे खपल्या आणि बुवा गेले. तेराव्यानंतर त्यांची मुलं वकील घेऊन आली. वाईट माणसं नव्हती ती, आमचं बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. तुझ्या आईच्या हातात त्या वर्षापासून काचेच्या बांगड्या आहेत. आक्कांनी पाटल्या तेव्हाही पुढे केल्या होत्या, मी घेतल्या नाहीत. तुला दिल्या त्या, हे मला आवडलं. तेव्हा बोललो नाही.

गुरुवारी सांगलीला गुरुजींकडे जाऊन आलो. सहीचं काही काढलं नाही, तुझी शपथ. तू इलेक्ट्रॉनिक तानपुरा न लावता आपल्या सतारमेकर गल्लीतली जोडी नेलीस हे सांगितलं, तर डोळे मिटून बराच वेळ बसले. "तबकडी कधी येते?" असं दोनदा विचारलं. कप उचलताना त्यांचा हात आता फार थरथरतो. चहा बशीत सांडला. काकूंनी पुसून घेतलं. तेव्हापासून मला तो हातच दिसतोय.

तुझी कच्ची प्रत रोज रात्री लावतो. तिसऱ्या अभंगात अंतऱ्याला तू वरच्या 'सा'वर थांबतेस, तिथं तुझी आई स्वयंपाकघरातून "कुकर बंद करते हं, थांबा," म्हणते आणि आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून लावतो. इतकं स्वच्छ आपल्या घरात कुणी गायलं नव्हतं.

सोबत दुरुस्त केलेलं प्रूफ आणि बारकोडची झेरॉक्स आहे. अजून एक कागद आहे, साधा मजकूर मी जुळवलाय: मुदत घातलीय, 'जगभर' घातलंय, चालींच्या नावांपुरती जागा कोरी ठेवलीय. हवा तर वापर. सकाळी दहाच्या आत हात त्यातल्या त्यात स्थिर असतो, असं काकू म्हणाल्या.

तुझा,
बाबा