बॅग-मास्क कपाटात आणि किल्ली इनचार्जकडे

संपादकसाहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती, परिचारिका आणि आशाताईंचं दोन दिवसांचं प्रशिक्षण संपन्न. फोटोत दीपप्रज्वलन, बुके, पाहुणे आणि पाठीमागे ट्रेनिंगला आलेल्या बायका, त्यातल्या निम्म्यांची तोंडं पाहुण्यांच्या खांद्यांमागे झाकलेली. बातमीत वाईट काही नाही, पण मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली, त्यातली बरीचशी लेबर रूममधे, आणि अशा फोटोत मागच्या रांगेत मीपण पाच-सहा वेळा उभी राहिलेय, म्हणून लिहितेय.

२००९ साली केंद्राने नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या एका मिनिटाच्या आत बॅग-मास्कने, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क बसवून हाताने रबरी पिशवी दाबून, श्वास द्यायचा, हे त्यात शिकवतात. पुढे आमचीही बॅच गेली. शिकवणारे डॉक्टर खरंच चांगले होते, खोटं कशाला बोलू. रबरी बाहुलीवर "दाबा, दोन, तीन" करत आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतलं की संध्याकाळी मनगट दुखत होतं, पण बाहुलीची छाती वर येताना दिसली की बरं वाटायचं. सर्टिफिकेट घेऊन परत आलो तर दवाखान्यात नवी कोरी बॅग आलेली होती, पण ती डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सरकारी सामानाच्या वहीत, चढलेली, हरवली तर पगारातून कापतील, म्हणून कपाटात कुलपात. किल्ली इनचार्जबाईंकडे, आणि त्या जनरल ड्युटी करून संध्याकाळी घरी जायच्या. आता बाळं काय दिवसाच जन्मतात का? एका नाइटला पहाटे तीनच्या सुमाराला बाळ आलं ते निळं आणि गप्प, पुसलं, पाठ चोळली, काही नाही, शेवटी मावशींनी ऑक्सिजन सिलेंडरच्या पान्याने कपाटाचं कुलूप तोडलं. तो एक मिनिट केव्हाच उलटून गेला होता. बाळ वाचलं ते नशीब, आणि सरकारी कुलूप तोडलं म्हणून दोन दिवसांनी मला लेखी खुलासा द्यावा लागला.

सांगायचं कारण म्हणजे ट्रेनिंगमधे काहीच खोट नव्हती. खोट होती ती ट्रेनिंगनंतर आमच्या दवाखान्यात येऊन बघायला कुणी फिरकलंच नाही यात.

माझी भाची नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे, तिने मला उत्तर प्रदेशातल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं, बेटरबर्थ नावाचा, निकाल २०१७ च्या डिसेंबरात छापून आले. १२० दवाखाने घेतले, त्यातल्या निम्म्यांमधे जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित बाळंतपणाची २८ मुद्द्यांची चेकलिस्ट दिली, पण नुसता कागद देऊन मोकळे झाले नाहीत, तर अनुभवी नर्सेसना कोच म्हणून पाठवलं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग कमी कमी करत आठ महिने. दीड लाखावर बाळंतपणांचा हिशोब ठेवला. आणि काम कसं होतंय हे रजिस्टरवरून नाही, वेगळी माणसं लेबर रूममधे उभी करून बघितलं, हे मला सगळ्यात आवडलं. कारण खरं सांगू का, पार्टोग्राफ, म्हणजे कळा चालू असताना बाळाचे ठोके वगैरे भरायचा तक्ता, आम्ही किती वेळा डिलिव्हरी झाल्यावर भरलाय, चहा पीत पीत, मागच्या चार तासांचे ठोके अंदाजाने टाकून. म्हणजे कागदावर सगळं छानच असतं.

तर निकाल असा की दोन महिन्यांनी कोच असलेल्या दवाखान्यांत बघितलेल्या कामांपैकी साधारण ७३ टक्के कामं नीट होत होती, बाकीच्या दवाखान्यांत ४२ टक्के. कोच जाऊन चार महिने झाल्यावर परत बघितलं तर ७३ चे ६२ झाले होते. पाठीमागे कुणी उभं असेल तर हात धुतले जातात, माणूस गेला की हळूहळू पहिले पाढे पंचावन्न. यात नर्सेस कामचुकार आहेत असं कुणी म्हणू नये, एका नाइटला तीन बायका टेबलावर आणि सिस्टर एकच, अशी ड्युटी करून बघा मग बोला. आणि आईबाळांच्या मृत्यूंमधे मात्र कोच असलेल्या आणि नसलेल्या दवाखान्यांत फरक दिसला नाही. भाचीला याचं वाईट वाटलं, मला नवल वाटलं नाही. चेकलिस्टने इंजेक्शन वेळेवर दिलं जाईल, पण रक्त लागलं तर रक्त कुठून आणायचं, अडलेल्या बाईला सिझरला पुढे पाठवायचं तर गाडी आणि तिकडे भूलतज्ज्ञ आहे का, हे सिस्टरच्या हातात कुठे असतं? तरी असा निकाल लपवून न ठेवता छापला, याला हिंमत लागते. आपल्याकडे ट्रेनिंगचा निकाल म्हणजे किती जणी आल्या आणि किती जेवल्या.

लांब कशाला जायचं, आपल्या गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बेताचं शिकलेल्या गावातल्याच बायकांना बाळाचं वजन, ऊब, श्वास, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा शिकवलं. ३९ गावांत हे काम केलं, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी भरला. १९९९ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलं, पुढे सरकारने आशांसाठी तीच पद्धत घेतली. पण तिथे त्या बायकांना शिकवून वाऱ्यावर सोडलं नव्हतं, ठरलेल्या दिवशी वरचं माणूस गावात यायचं, नोंदी तपासायचं, चुकलं तर तिथल्या तिथे दाखवायचं. देशभर नेताना मोड्यूल, किट, बॅग सगळं पोचलं, ते येणारं माणूस मात्र बऱ्याच ठिकाणी पोचलंच नाही, आणि आशाताईंच्या बोकांडी रजिस्टरं आणि अ‍ॅपं वाढत गेली. डॉक्टर लोकांचंही वेगळं नाही, नोंदणी चालू ठेवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट भरायचे म्हणून हॉटेलात लेक्चर, सही, जेवण.

तेव्हा माझी एक विनंती आहे. प्रशिक्षण संपन्न ही बातमी जरूर छापा, पण सहा महिन्यांनी तुमच्या वार्ताहराला त्याच बायकांच्या दवाखान्यात पाठवा आणि शिकवलेलं सामान टेबलावर आहे की कपाटात, मधल्या काळात किती वेळा कोण येऊन शेजारी उभं राहिलं, एवढंच विचारून छापा. फक्त रात्री पाठवा. दिवसा साहेब यायचे असले की सगळं टेबलावर मांडून ठेवायची सवय आम्हाला चांगली आहे.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा जिल्हा