काका, तुम्ही आप्पांना हरवलंत त्याबद्दल

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

समोर येऊन बोलायला लागले की तुम्ही "राहू दे गं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आपल्या निपाणीत कळू दे सगळ्यांना.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर माझ्या वडिलांचा, आप्पांचा, उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली, पण डोकं शाबूत होतं. आम्हाला ते दिसत होतं, बाकी कुणाला पटत नव्हतं. ज्या केंद्रात त्यांना व्यायामाला नेत होतो, तिथे त्यांच्यासमोर पेन धरून "आजोबा, हे काय आहे?" असं ओरडून विचारायचे आणि उत्तर आलं की टाळ्या वाजवायचे. तंबाखूच्या वखारीत जन्मभर दिवाणजी म्हणून राबलेला माणूस! बोदांचा, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्यांचा, हिशेब तोंडावर असायचा त्यांच्या. घरी येणारे पाहुणे तरी काय, रमी मांडायचे आणि मुद्दाम हरायचे. आप्पांना ते लगेच कळायचं. ते पानं खाली ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्या सगळ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

मग तुम्ही आलात, काखेत बॅकगॅमनचा पट घेऊन. बोटीवरच्या नोकरीत शिकलेला तुमचा खेळ. दोघांनी खेळायचा, 24 घरं, प्रत्येकाच्या 15 सोंगट्या आणि दोन फासे. आपल्या सोंगट्या फिरवत शेवटच्या चौकात आणायच्या आणि तिथून बाहेर काढायच्या. एकटी सापडली तर मार खाते, दोघी जोडीने बसल्या तर ते घर त्यांचं. लहानपणी सारीपाट पाहिलेल्या आप्पांना यात परकं काहीच वाटलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या फाशाचं. आप्पांनी उजव्या हातात फासे टाकायचा पेला धरला, हात थरथरला आणि एक फासा पटाबाहेर उडून खाटेखाली गेला. मी वाकलेच होते, तेवढ्यात तुम्ही तळहात दाखवून मला थांबवलंत. आप्पांनी काठीने फासा ओढून घेतला. बराच वेळ लागला. तुम्ही पटाकडे बघत बसलात, घाई नाही, "जमेल, जमेल" नाही. फासा वर आल्यावर एवढंच म्हणालात, "पटाबाहेर गेला की दोन्ही पुन्हा टाकायचे. उजवीकडच्या भागातच पडले पाहिजेत." थोड्या वेळाने तुमचाच एक फासा सोंगटीला टेकून तिरका राहिला. कुणी काही बोलायच्या आत तुम्ही दोन्ही उचललेत आणि पुन्हा टाकलेत. त्यांना जो नियम, तोच तुम्हाला. काका, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि तुम्ही जिंकलात. आप्पांची एकही सोंगटी बाहेर निघाली नव्हती आणि तुमच्या पंधराही निघाल्या. "गॅमन, दुप्पट गुण," असं म्हणून वहीत मांडलेत. आप्पांचे डोळे चमकले. किती दिवसांनी त्यांच्याशी कुणी खरं खेळलं होतं!

सुरुवातीला आप्पा भिऊन सगळ्या सोंगट्या एकत्र कोंबायचे. तुम्ही त्यांना मोजायला लावलंत. दोन फाशांची दानं 36. मारणारा सहा घरांवर असेल तर त्यातली 17 दानं घात करतात, एकाच घरावर असेल तर 11, आणि सात घरांवर असेल तर फक्त 6. म्हणजे एकटी ठेवायचीच झाली तर अगदी जवळ ठेवावी, नाहीतर सहाच्या पलीकडे. तीन-एक पडलं की आठव्या घरातली एक आणि सहाव्यातली एक आणून पाचवं घर बांधायचं, हे तर आता आमच्या धाकट्यालाही पाठ आहे.

दुपटीचा फासा, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करायचं आव्हान, तुम्ही पुढे सरकवलात तेव्हा मात्र आप्पांनीच तुम्हाला उत्तर दिलं. डाव सोडला तर एक गुण जातो, घेतला तर दोनाचा खेळ. तुम्ही विचारलंत, कधी घ्यायचा? आप्पांनी डाव्या हाताने वहीत मांडलं, तुटक शब्दांत सांगितलं: चार सोडले, चार गेले. चार घेतले, एक जिंकला, तीन हरले, सहा गेले दोन आले, चारच गेले. म्हणजे चारात एक जिंकायची आशा असेल तर घ्यायला हरकत नाही. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "दिवाणजी, बरोबर."

दिवाणजी. घरात ही हाक बंद झाली होती.

हात बरा झाला असं मी म्हणत नाही. पेला अजून निसटतो. पण सकाळी उठून स्वतःच दाढीचं सामान मागतात, कारण संध्याकाळी तुम्ही येणार असता. औषधं, व्यायाम चालूच आहेत, त्यांचं त्यांना श्रेय. आजारी माणसाला मान द्यायला मात्र शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही, हे मोठमोठ्या पाट्या लावलेल्या ठिकाणी मला दिसलं नाही, ते समोरच्या घरातल्या माणसात दिसलं. अशी माणसं आपल्या गावात अजून आहेत, म्हणून मला इथे राहावंसं वाटतं.

शनिवारी लवकर या. काकूंनाही आणा, थालीपीठ लावते. आणि दुपटीचा फासा विसरू नका, मागच्या खेपेला तो नव्हता म्हणून आप्पा दोन दिवस कुरकुरत होते. वहीत तुमचे गुण बरेच पुढे आहेत आणि ते त्यांना अजिबात सहन होत नाही.

आपली,
दिवाणजींची थोरली