जोरासांकोतल्या त्या दादांचे आणि ताईंचे आभार

कोलकात्याला रवींद्रनाथ ठाकुरांच्या जोरासांकोच्या वाड्यात गेलो होतो. १८६१ साली त्यांचा जन्म इथलाच, १९४१ साली शेवटचा श्वासही इथेच. आता तिथे संग्रहालय आहे. बाबांना ओढ होती ती तिथल्या चित्रांची. आयुष्यभर चित्रकला शिकवली ना!

वरच्या मजल्यावर बाबांची साखर अचानक उतरली. घामाने डबडबले, हात थरथरायला लागले. माझेच हातपाय गळाले. तेवढ्यात एका अनोळखी ताईंनी पर्समधून ग्लुकोजची पुडी काढली, पाण्याच्या बाटलीत घातली आणि घोट घोट पाजत बसल्या. पहाऱ्यावरच्या दादांनी स्वतःची खुर्ची आणून दिली.

बरं वाटल्यावर बाबांचा हट्ट सुरू: चित्रं बघितल्याशिवाय खाली उतरायचं नाही. (शिक्षकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.) मग दादांनी काय केलं, तर एका हाताने बाबांना धरलं, दुसऱ्या हातात खुर्ची. प्रत्येक चित्रासमोर खुर्ची मांडायची, बाबांना बसवायचं, मन भरलं की पुढे. जराही घाई नाही. वर मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होते, की हस्तलिखितातल्या खाडाखोडीला आकार देता देता गुरुदेव साठीनंतर चित्रकार झाले. १९३० साली पॅरिसला पहिलं प्रदर्शन!

पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. ताई तर गर्दीत कधी निघून गेल्या कळलंच नाही. दोघांचेही मनापासून आभार. बाबा ठणठणीत आहेत, आणि सध्या वहीतली खाडाखोड रंगवत बसलेत.