यादी लावण्याआधी वेळापत्रक पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रथम वर्षाचे प्रवेश सुरू झाले की पुण्यातील महाविद्यालयांत वेळापत्रक बसवण्याची धांदल उडते. हे पत्र त्या कामाला बसलेल्या प्राध्यापकांसाठी आणि प्राचार्यांसाठी आहे, कारण इंग्रजी किंवा गणित कच्चे असलेली मुले पदवीपर्यंत टिकणार की वर्षभरात गळणार, हे बऱ्याच अंशी त्याच टेबलावर आणि बहुधा नकळत ठरून जाते.

सध्याची रीत अशी. पहिल्या अंतर्गत परीक्षेचे गुण हाती आले की कमी गुण मिळालेल्यांची ‘स्लो लर्नर’ म्हणून यादी होते आणि शेवटच्या तासानंतर त्यांच्यासाठी जादा वर्ग सुरू होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा उपचारात्मक वर्गांना एके काळी अनुदान दिले, महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या अहवालासाठीही त्यांची माहिती लागते. त्यामुळे हजेरीपत्रके आणि छायाचित्रे चोख असतात. वर्गात मात्र फारसे कोणी नसते. लोणावळा लोकल गाठणाऱ्या मुलाला, भोरकडे जाणाऱ्या एसटीची वेळ सांभाळणाऱ्या मुलीला किंवा संध्याकाळी दुकानात कामाला उभे राहणाऱ्याला चारनंतरचा तास परवडत नाही, आणि ज्यांना परवडतो त्यांना त्या यादीतल्या आपल्या नावाचीच लाज वाटते. शिवाय तोवर सत्र निम्मे उलटून गेलेले असते.

या प्रश्नावर अमेरिकेत पुष्कळ काम झाले आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी १९७०च्या दशकात, कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) कृष्णवर्णीय विद्यार्थी इतक्या मोठ्या संख्येने का नापास होतात याचा छडा लावायचे ठरवले. गरिबी, घरचे वातावरण, अभ्यासाची नावड अशी ठरीव उत्तरे सहकाऱ्यांकडे तयार होती. ट्राइसमन यांना दिसले ते वेगळेच. ही मुले भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र आधी आपापली गणिते सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत आणि कुठे अडले ते बिनदिक्कत सांगत. त्यावरून ट्राइसमन यांनी गटात सोडवायच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत मुद्दाम सोपी नव्हे, तर अवघड गणिते ठेवली. तिथे येणे कमीपणाचे वाटू नये, याची त्यांनी काळजी घेतली. निकाल स्पष्टपणे सुधारले. आपल्या यादीच्या पद्धतीत नेमकी हीच काळजी घेतलेली नसते.

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजने २००३च्या सुमारास आणखी एक पाऊल टाकले. नव्या विद्यार्थ्यांचे जास्तीत जास्त पंचवीस जणांचे गट करून प्रत्येक गटाला पहिल्या सत्रात इंग्रजी, दुसरा एखादा विषय आणि मार्गदर्शनाचा तास असे तिन्ही एकत्रच दिले. शिक्षकांनी अभ्यासक्रम आपसात जुळवून घ्यायचा, अशी अपेक्षा होती. ही मुले सक्तीच्या इंग्रजी चाचण्या लवकर पार करू लागली. पण पुढच्या वर्षांतला लाभ माफकच राहिला, हेही सांगितले पाहिजे. एका सत्राच्या सोबतीने पदवी मिळत नाही. किंग्जबरो ज्याचा भाग आहे त्या न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने २००७ पासून ‘असॅप’ कार्यक्रमात ठरलेला सल्लागार, शिकवणी, पुस्तके, प्रवासाचा पास आणि शुल्कातील उरलेली तूट असे सारे सलग तीन वर्षे पुरवले, तेव्हा दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत घेणाऱ्यांचे प्रमाण त्या कार्यक्रमात नसलेल्या तशाच विद्यार्थ्यांत २२ टक्के, तर कार्यक्रमातल्यांत ४० टक्के आढळले.

हे वाचून ‘तिकडचे तिकडे’ म्हणण्याचे कारण नाही. परगावच्या विद्यार्थ्याला एके काळी जेवणाचे वार लावून देणारे, म्हणजे रोज एकेका घरी जेवू घालणारे हे शहर आहे; त्या प्रथेतला जातीचा पंक्तिभेद सोडला, तर पोट, निवारा आणि विचारपूस करणारे वडीलधारे माणूस याशिवाय अभ्यास होत नाही, हे पुण्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आजच्या भाषेत त्याचा अर्थ पीएमपी बसचा पास, पाठ्यपुस्तके आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला गेला की नाही हे पाहणारा शिक्षक असा होतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात एक नवीच अडचण आणली आहे. मुख्य विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याचे, भाषेचे असे गट वेगवेगळे पडल्याने विद्यार्थी दर तासाला वेगळ्या चेहऱ्यांत बसतो आणि पूर्वी आपोआप जमणारी वर्गाची ओळख आता जमत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळीच पंचवीस-तीस जणांची, हुशार आणि कच्ची मुले एकत्र असलेली तुकडी करावी, आणि निदान पहिले वर्षभर तिचे भाषेचे, एका मुख्य विषयाचे आणि मार्गदर्शनाचे तास सकाळच्या वेळेतच लागून ठेवावेत. वाणिज्य शाखेत अर्थशास्त्राच्या शिक्षकाने रेपो दर शिकवला, तर त्याच आठवड्यात इंग्रजीच्या शिक्षिकेने त्याच प्रकरणातला उतारा वाचायला आणि त्यावर परिच्छेद लिहायला द्यावा. एवढे साधले तरी मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची निम्मी भीती जाते.

खरी अडचण पैशाची आहे, मुलांची नव्हे. कितीतरी महाविद्यालयांत प्रथम वर्षाचा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर असतो आणि त्यांना मोबदला फक्त घेतलेल्या तासाचा मिळतो. दोघांनी बसून नियोजन करायचे, तर तो वेळ कोणाच्या हिशेबात नाही. आठवड्याला नियोजनाचा एक तास कार्यभारात धरल्याशिवाय हा सगळा उपक्रम पुन्हा कागदावरच राहील. ‘कमवा व शिका’ योजनेतील मुलांना बागकामाऐवजी किंवा कचेरीतल्या कामाऐवजी आपल्या धाकट्यांच्या अभ्यासगटाचे काम देता येईल का, याचाही विद्यापीठाने विचार करावा.

आणि यश मोजताना परीक्षेला बसलेल्यांतील उत्तीर्णांची टक्केवारी देऊ नये, कारण मधेच गळालेला विद्यार्थी तीत कुठेच दिसत नाही. जूनमध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या सत्राच्या वर्गात बसले आहेत, तो आकडा प्रत्येक महाविद्यालयाने संकेतस्थळावर द्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका
कोथरूड, पुणे